पुन्हा त्याच काठाने

ज्या प्रवासात मनुष्य आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडीत नाही त्या प्रवासाचे वर्णन करण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील तर माझे उत्तर असे आहे. आषाढाच्या उत्तरार्धात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची वर्दी आली म्हणजे भोगावतीच्या काठाने वर जावे, आणि तेच पाणी पंचगंगेत उतरून कोल्हापूर शहराला वळसा घालून शिरोळच्या मळ्यांत पसरू लागले म्हणजे त्याच्या मागोमाग खाली नरसोबाच्या वाडीपर्यंत यावे, हा जो क्रम जिल्हा दैनिकाच्या छायाचित्रकाराच्या वाट्याला वर्षानुवर्षे येतो, त्याने मला माणसांविषयी आणि माझ्या कॅमेऱ्याविषयी जे शिकविले ते दूरदेशीच्या एखाद्या सफरीने शिकविले असते असे मला वाटत नाही. वाट तीच, गावे तीच, नदीही तीच. परंतु ज्यांची छायाचित्रे घ्यावयाची ती माणसे मला ओळखतात, गेल्या पुरात मी त्यांच्या दारात कोणत्या वेळी उभा होतो हे त्यांना स्मरते, आणि मी काढलेले चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच चावडीवर आणि त्यांच्याच चहाच्या गाड्यावर हातोहात फिरते. महापुराच्या प्रसंगी परगावाहून आलेले छायाचित्रकार मी पाहिले आहेत. त्यांतील कित्येक अत्यंत निष्णात असतात, आणि त्यांच्या चित्रांमुळे आमच्या हालांची वार्ता दूरवर पोहोचली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण ते चित्र घेऊन जातात. आम्हाला त्याच उंबऱ्यावर पुन्हा जावयाचे असते. या एका गोष्टीने आमच्या व्यवसायाचा सगळा धर्म ठरतो, अशी माझी दृढ समजूत झाली आहे.

यंदा वर्दी आली तेव्हा गगनबावड्याच्या बाजूला पावसाने कित्येक दिवस खंड घेतला नव्हता. पुईखडीचा चढ चढून हळदीच्या रस्त्याला लागले की उजव्या-डाव्या अंगाला भाताची खाचरे सुरू होतात, आणि पाठीवर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बायका गुडघाभर चिखलात एका रांगेत वाकून रोपलावण करीत मागे मागे सरकताना दिसतात. वर्तमानपत्राच्या दृष्टीने हे चित्र दरसालचेच आणि म्हणून बिनमहत्त्वाचे. तरी मी तेथे गाडी थांबविल्यावाचून पुढे जात नाही. पुराच्या बातमीत पाऊस हा केवळ संहारक म्हणून येतो, आणि ज्या पावसाची पश्चिमेकडच्या तालुक्यांनी ज्येष्ठभर आकाशाकडे डोळे लावून वाट पाहिली तोच हा पाऊस, हे वाचकाच्या ध्यानात राहावयाचे असेल तर त्या रोपलावणीची नोंद त्याच आठवड्याच्या अंकात असली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. संपादकांनी तो बहुतेक वेळा मानला आहे.

राधानगरीचे धरण फेजिवड्याच्या हद्दीत भोगावतीवर आहे. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे काम हाती घेतले आणि राजकन्या राधाबाईंच्या नावाने गाव वसविले. १९२२ मध्ये महाराज निवर्तले तेव्हा धरण अपुरेच होते, आणि ते पुरे व्हावयास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. एका संस्थानाच्या तिजोरीला न पेलणारे काम एका राजाने आपल्या हयातीत पुरे होणार नाही हे दिसत असतानाही सुरू ठेवावे, यात दूरदृष्टीचे जे दर्शन घडते त्यापुढे मी प्रत्येक वेळी नतमस्तक होतो. जलाशयाची पातळी ३४७.५ फुटांवर पोहोचली की धरण पूर्ण भरले. त्यानंतर पाण्याच्या दाबानेच सात स्वयंचलित दरवाजे एकेक करून उचलले जातात. दरवाजा कोणता आणि केव्हा उघडेल हे पाणीच ठरविते. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते, आणि ही संख्या आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते, कारण चार दरवाजे उघडले की सात, या हिशेबावर खालच्या गावांतील जनावरे केव्हा सोडावयाची ते ठरते.

धरणाच्या पायथ्याशी उभे राहून छायाचित्र घेणे तांत्रिकदृष्ट्या सोपे नाही. फेसाळ पाणी शुभ्र आणि भोवतालची झाडी काळपट हिरवी, अशा वेळी कॅमेऱ्याने सुचविलेल्या मोजमापावर विसंबले तर पाणी कोऱ्या कागदासारखे उमटते आणि त्यातील वळ्या, धारा, उसळी काहीच दिसत नाही. म्हणून प्रकाश बेताने कमी घ्यावा लागतो. त्याशिवाय तुषारांचा असा मारा असतो की लेन्स पुसून डोळ्याला लावीपर्यंत ती पुन्हा धूसर होते. तथापि यापेक्षा कठीण प्रश्न निराळाच आहे. नुसते पाणी कितीही प्रचंड असले तरी चित्रात त्याचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी चौकटीत कोठेतरी एक माणूस लागतो. मी तो शोधतो तो सहलीला आलेल्या मंडळींत नव्हे, तर दरवाजांवर नजर ठेवणाऱ्या पाटबंधारे खात्याच्या कर्मचाऱ्यांत. हातात नोंदवही, डोक्यावर छत्री, आणि दर तासाला तीच पातळी त्याच शाईने लिहिण्याचे काम. त्याच्या वहीतील आकडा रात्रीतून जिल्हाधिकारी कचेरीत पोहोचतो आणि तेथून गावोगावच्या तलाठ्यापर्यंत उतरतो. जिल्हा त्या रात्री निर्धास्त झोपणार की जागणार, हे ज्या माणसाच्या लेखणीवर अवलंबून आहे तो चित्रात असावा, यात मला औचित्य वाटते.

तेथून पाण्याबरोबर खाली यावे. प्रयाग चिखलीपाशी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येते. गुप्त सरस्वती धरून पाच नद्यांचा संगम, म्हणून पुढे नाव पंचगंगा, अशी परंपरा आहे. पुढे जुन्या शिवाजी पुलाखालून, पंचगंगा घाटावरच्या समाधिमंदिरांना वेढा घालून नदी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यापाशी येते. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवावयाचे आणि मृगाआधी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यावयाची, अशी ही साधी आणि शहाणी योजना आहे. पावसाळ्यात बंधारा स्वतः पाण्याखाली जातो आणि त्याच्या शेजारची पातळीची पट्टी तेवढी जिल्ह्याच्या चर्चेचा विषय होते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्याही वर गेले. या दोन संख्या कोल्हापूरकरांच्या मनात जन्ममृत्यूच्या तिथींप्रमाणे कोरल्या गेल्या आहेत. पावसाळ्यात दोन माणसे रस्त्यात भेटली तर रामराम होण्याआधी ‘किती झालं?’ हा प्रश्न होतो, आणि उत्तर फूट-इंचांत येते.

यंदा पातळीने त्रेचाळिसाचा आकडा ओलांडला त्या रात्री मी सुतारवाड्यात होतो. शहरातील हा सखल भाग, जयंती नाल्याला लागून. पाणी शहरात शिरते ते बहुधा येथूनच, आणि येथील कुटुंबे मग चित्रदुर्ग मठात हलविली जातात. डोईवर गॅसची टाकी घेतलेला तरुण, कडेवर शेळीचे करडू घेतलेली म्हातारी, अभ्यासाची पुस्तके तेलाच्या डब्यात घालून तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेली मुलगी, हे सारे विजेरीच्या उजेडात पुढून गेले. मठात पोचल्यावर अन्नवाटप सुरू झाले, आणि वाटप करणाऱ्या मंडळींपैकी कोणी ‘हा घ्या फोटो’ म्हणून मला पुढे ओढले. अशा वेळी मी काय करतो ते स्पष्ट सांगतो. पसरलेल्या हातावर पडणारी पाकिटे आणि त्या हातांमागचा चेहरा, असे चित्र मी घेत नाही. जी बाई काल सकाळी स्वतःच्या घरी दुसऱ्याला जेवू घालण्यास समर्थ होती, आणि आठवड्याने पुन्हा समर्थ होईल, तिला तिच्या आयुष्यातील त्या एका रात्रीच्या वेषात सबंध जिल्ह्यापुढे कायमचे उभे करण्याचा अधिकार मला कोणी दिला? तिचा मुलगा माझ्या मुलीच्या शाळेत असू शकेल; ते कात्रण कोणी वर्गात घेऊन येऊ शकेल. शहरातल्या शहरात राहणाऱ्या छायाचित्रकाराला हा विचार टाळता येत नाही. मी चित्र घेतले ते मठाच्या पडवीत एका ओळीत टांगलेल्या, पाणी निथळणाऱ्या दप्तरांचे. दुसऱ्या दिवशी शालोपयोगी साहित्याची मदत मठात येऊन पडली, ती त्या चित्रामुळे की आमच्या लोकांच्या उपजत दातृत्वामुळे, याचा निर्णय मी करीत नाही.

या शहरात चित्राविषयीची अशी जबाबदारीची भावना नवी नाही. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी राहून तेच पाणी, त्याच कडेची झाडी आणि तोच संधिप्रकाश आयुष्यभर रंगविला. एकाच जागेकडे परत परत जाण्याने दृष्टी शिळी होत नाही, उलट सूक्ष्म होत जाते, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. बाबूराव पेंटरांनी आपल्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. पण माझ्या मते त्यांची खरी थोरवी १९२५ च्या ‘सावकारी पाशा’त आहे, कारण पुराणकथेतून उतरून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत जावेसे त्यांच्या कॅमेऱ्याला वाटले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. ज्या गावाने यंत्राचा असा सन्मान केला त्या गावात ते यंत्र हाताळताना मनुष्याने सांभाळूनच वागले पाहिजे.

पूर ओसरल्यानंतरची चिखली हे माझ्या यंदाच्या भटकंतीतील सर्वांत मोठे प्रकरण. जोवर पाणी चढत असते तोवर सगळ्यांचे कॅमेरे तिकडे असतात. पाणी उतरू लागले की वृत्तपत्रांचे लक्षही उतरते, आणि वस्तुतः गावाचे कष्ट त्याच दिवशी सुरू होतात. आंबेवाडी आणि चिखली या गावांना सोनतळीला पुनर्वसनाची जागा मिळालेली आहे; पाण्याचा रंग बदलला की गावकरी जनावरांना घेऊन तिकडे जातात आणि ओसरले की परत येतात. कायमचे तिकडेच का राहत नाही, हा प्रश्न शहरातले लोक सहज विचारतात. ज्याची काळी कसदार जमीन, विहीर, गोठा आणि देऊळ नदीकाठी आहे त्याला तो प्रश्न इतका सोपा वाटत नाही, आणि त्याच्या बाजूने विचार करण्यास मला त्याच्या दारात पुन्हा पुन्हा उभे राहिल्यानेच शिकविले.

गावात शिरताना प्रथम वास येतो. कुजलेला कडबा, शेण, डिझेल आणि ओली माती यांचा मिळून होणारा तो वास कोणत्याही छायाचित्रात उतरत नाही याची मला नेहमी खंत वाटते. वरच्या आळीतील एका घराच्या दाराशी मी दरवर्षी थांबतो. त्या घरच्या वृद्ध मालकांना मी मामा म्हणतो. चौकटीवर उंबऱ्यापासून गुडघाभर उंचीवर पिवळ्या तैलरंगाची आडवी रेघ आहे, शेजारी २००५ असे लिहिलेले. पुढची खूण पाहावयाची तर मान वर करावी लागते. चौकटीच्याही वर भिंतीत खिळ्याने ओरखडलेली ती २०१९ ची, आणि तिच्या वर वीतभर अंतरावर निळ्या खडूने काढून नंतर रंगाने पक्की केलेली २०२१ ची. ‘हितवर आलतं बघा,’ असे म्हणत मामा काठीने ती रेघ दाखवितात, आणि माझ्या बरोबर कोणी नवा वार्ताहर असला तर त्याला तिन्ही वेळी घरातले काय काय गेले ते अनुक्रमाने सांगतात. त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नसतो. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद वाचून दाखवावी तसे ते सांगणे असते. यंदा पाणी त्यांच्या उंबऱ्याखालीच राहिले. त्यांनी काठीने पायरी दाखविली आणि म्हणाले, ‘औंदा हिला शिवून गेलं. रेघ न्हाई वढायची.’

खालच्या आळीत मात्र पाणी रात्रीतून घरांत शिरले होते. तेथे एका पडवीत चिखल खरवडीत असलेल्या पन्नाशीच्या बाईंनी मला हाक मारली: ‘दादा, तुमी पेपरातलं फोटूवालं न्हवं? जरा ह्यो आल्बम बघा की.’ खाटेखालच्या पेटीतून निघालेला तो लग्नाचा आल्बम ओल्या विटेएवढा जड झाला होता. पाने एकमेकांस चिकटलेली, कडांतून गाळ ओघळत असलेला. रंगीत छायाचित्राच्या पृष्ठभागावर सरसाचा अतिशय पातळ थर असतो आणि रंग त्या थरात असतात; तो भिजला की फुगतो आणि तसाच वाळू दिला तर शेजारच्या पानाला कायमचा चिकटून बसतो. म्हणून अशा वेळी पहिली गोष्ट ही की, घाईने उन्हात वाळवावयाचे नाही. टँकरच्या स्वच्छ पाण्याने मोठी परात भरून घेतली, पाने एकेक करून तिच्यात सोडली, आणि पाणी आत शिरून चित्रे आपोआप सुटी होऊ लागेपर्यंत आम्ही दोघे परातीपाशी बसून राहिलो. ओढावयाचे नाही, चोळावयाचे नाही. चित्र पाण्याखाली ठेवूनच बोटाच्या पेराने गाळ अलगद बाजूला सारावयाचा, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकवार बुडवावयाचे, आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत कापडावर पसरावयाचे. वर्तमानपत्राच्या कागदावर मुळीच नाही, कारण शाई उठते आणि कागद चिकटतो. बाईंनी आतून जुने लुगडे आणून खाटेवर अंथरले.

काही चित्रे गेली होती. अंतरपाटाच्या चित्रात नवरदेवाच्या जागी पिवळट डाग राहिला होता, पंगतीच्या चित्राचे नुसते पानांचे टोक शिल्लक होते. पण एका चित्रातील मुंडावळ्या बांधलेल्या मुलीच्या मागे उभी असलेली, पदर डोईवरून घेतलेली एक कृश बाई पाण्यातून स्वच्छ निघाली, आणि हात पुसून बाई ते चित्र किती वेळ पाहत राहिल्या. ‘आईचा येवढाच हाय,’ एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारून, लुगड्यावर मांडलेल्या चित्रांचे आणि त्यांवर वाकलेल्या त्यांच्या हातांचे छायाचित्र घेतले. ते आतल्या पानावर आले, आणि त्याखाली भिजलेली छायाचित्रे कशी वाचवावी याची कृती चौकटीत छापली. पुढच्या फेरीस गेलो तेव्हा त्या आळीत चार-पाच घरांच्या पडव्यांत लुगडी अंथरलेली होती, आणि शाळेची मुले परातीभोवती बसून मी शिकविलेलीच पद्धत मला सांगत होती. माझ्या व्यवसायात मला लाभलेल्या समाधानाच्या प्रसंगांत मी त्याची गणना फार वर करीन.

त्याच फेरीत पंचनाम्याचे काम सुरू झालेले दिसले. तलाठी, ग्रामसेवक आणि कोतवाल असे तिघे घरोघर जाऊन पडझडीची नोंद करीत होते, आणि मागोमाग पंचांच्या सह्या. पाणी ओसरून भिंत वाळली की ओलीची रेषा फिकट होत जाते, चिखल धुतला की नुकसानीचा पुरावाही धुतला जातो. घर राहण्याजोगे करणे आणि नुकसान सिद्ध करणे या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. म्हणून लोक मला म्हणतात, ‘दादा, आमच्या भिताडाचा फोटू द्या, तलाठ्यास्नी दावायचाय.’ असे चित्र छापण्यासाठी नसते. त्यात रचना नाही, प्रकाशाचे सौंदर्य नाही. तरीही ते मी अत्यंत काळजीने घेतो: संपूर्ण भिंत, मग तिच्यावरील रेषा, मग भिंतीसह शेजारचे ओळखता येणारे काही, एखादे देऊळ, विजेचा खांब किंवा पिंपळ. तारीख, वेळ, मौजे, आळी आणि भिंत कोणत्या दिशेची हे वहीत लिहितो आणि नकल विनामूल्य देतो. उसाचेही तसेच. पाण्यात उभा राहिलेला ऊस दुरून हिरवागार दिसतो, आणि नवख्याला वाटते की पीक वाचले. प्रत्यक्षात पाणी शेंड्यावरून गेले असेल तर पोंग्यात गाळ बसतो आणि ऊस आतून कुजतो. एका शेतकऱ्याने पोंगा हाताने उकलून दाखविला. आत करड्या गाळाचा गोळा आणि त्याला कुबट वास. बांधावरून घेतलेली विस्तीर्ण दृश्ये ते सांगू शकत नाहीत. तळहातावर उकलून धरलेल्या त्या पोंग्याचे चित्र सांगते.

चिखलीतून ढग विरळ झाले की वायव्येस जोतिबाचा डोंगर दिसतो. चैत्री यात्रेत त्याच डोंगरावर या नदीकाठच्या गावांतले तरुण सासनकाठ्या नाचविताना मी पाहिलेले असतात. उंच बांबू कमरेच्या पट्ट्यात पेलून, चारी बाजूंनी ताणलेल्या दोरांच्या आधाराने तोल सांभाळीत, गुलालाच्या वर्षावात ‘चांगभलं’चा घोष करीत ते पुढे सरकतात आणि डोंगरावरचे सबंध वाडी रत्नागिरी गाव गुलाबी होऊन जाते. गुलाल कॅमेऱ्याच्या फटीफटींत शिरतो. ओल्या फडक्याने पुसला तर डाग पक्का बसतो, म्हणून मऊ कुंचल्याने झाडावा लागतो. ज्यांचे दंड चैत्रात सासनकाठी पेलताना पाहिले तेच दंड आषाढात होडीचा दोर ओढताना पाहणे, हे माझ्या वाट्याला आलेले भाग्य आहे. कारण त्यामुळे पुरातला माणूस मला केवळ पूरग्रस्त म्हणून कधीच दिसू शकत नाही.

नदीबरोबर शेवटी नृसिंहवाडीला, म्हणजेच नरसोबाच्या वाडीला, यावयाचे. येथे पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकेनासे होऊन मागे फुगते; कुरुंदवाडच्या घाटावर बसलेल्या मंडळींत मग अलमट्टी धरणाच्या फुगवट्याची चर्चा हटकून निघते आणि तीत तावातावाने भाग घेणारे म्हातारे विसर्गाचे आकडे इंजिनिअरच्या सफाईने सांगतात. दत्तमंदिर संगमाकाठी, औदुंबराच्या छायेत. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पादुका आहेत. पाणी चढत चढत उत्तरेच्या दाराने आत शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या दक्षिणदारी वाहणाऱ्या पाण्यात स्नान करण्यासाठी, मध्यरात्र असली तरी, दूरदूरच्या गावांतून भाविक येतात. पुढे पाणी आणखी चढले की मंदिरात जाणेच अशक्य होते आणि उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. ज्या पाण्याने चिखलीत संसार धुऊन नेला तेच पाणी येथे तीर्थ होते, हा विरोध मला पूर्वी अस्वस्थ करीत असे. आता वाटते, दरसाल येणाऱ्या पुराशी शतकानुशतके शेजार केलेल्या लोकांनी त्याच्या आगमनातला एक क्षण नमस्काराचा ठरवून ठेवला, ही या मुलखाची मोठी सांस्कृतिक कमाई आहे. आणि गुडघाभर पाण्यात खांबाला पाठ टेकून, मंद दिव्याच्या उजेडात श्वास रोखून ते चित्र घेताना मीही त्या नमस्कारात सामील असतो.

दरवर्षी हेच चित्र कशाला, असे कार्यालयातील तरुण सहकारी विचारतात. त्यांनी दोन वर्षांची चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहावीत. कठड्याची कोणती पायरी बुडाली, कोणते झाड गेले, काठावर कोणते नवे बांधकाम उभे राहून पाण्याची वाट अडली, हे सारे त्यांतून दिसते. एकट्या चित्रात ते दिसत नाही. दुर्दैवाने अशी मांडणी करण्याजोगा संग्रह फार थोड्या ठिकाणी उरला आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा चित्राचा जस्ताचा ठसा करून तो छापखान्यात जाई, आणि काम झाले की ठसे वितळविण्यासाठी विकले जात. निगेटिव्हांना आमच्या दमट हवेने बुरशी धरली. आता संगणकाच्या तबकड्या भरल्या की जुने पुसून नव्याला जागा करतात. कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात संस्थानी कारकिर्दीची दप्तरे जपून ठेवलेली आहेत, आणि अभ्यासकांना ती पाहावयास मिळतात. जिल्ह्यातील वृत्तपत्रांच्या छायाचित्रांनाही तेथे एखादा फडताळाएवढा कोपरा मिळावा, प्रत्येक चित्रामागे गाव, तारीख आणि दिशा लिहिलेली असावी, याचा पाठपुरावा मी गेली काही वर्षे करीत आहे आणि करीत राहीन.

तूर्त माझ्यापुरते काम मी सुरू केले आहे. पूर ओसरून रान वाळले की मार्गशीर्षात चिखलीला जावयाचे. वरच्या आळीतील त्या चौकटीपासून आरंभ करून, गावात जेथे जेथे पुराच्या रेघा आहेत त्या साऱ्यांची छायाचित्रे लख्ख उन्हात, शेजारी मोजपट्टी धरून घ्यावयाची. गावकऱ्यांनी रंगरंगोटीत त्या पुसू नयेत म्हणून ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी असा अर्ज मी दिला आहे. शाळेच्या मुलांनी मोजणी करून देण्याचे कबूल केले असून, त्यांच्या गुरुजींनी लांब टेपेसाठी पाटबंधारे खात्याला पत्र लिहिले आहे.